कोडबर्ग कसं आहे: अहिराणी शब्दयादीच्या कामासाठी वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. मुक्त परवान्याखालचं (म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं) कुठलंही काम असेल, शब्दयादी असो, फॉन्ट असो, कीबोर्ड असो, शाळेसाठी केलेलं छोटं ॲप असो, तर कोडबर्गवर, म्हणजे मुक्त प्रकल्पांचा कोड आणि फाइली ठेवायच्या साइटवर ठेवा, बिनधास्त ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येतंच. ज्याला क्लायंटचं काम नाहीतर बंदिस्त कोड ठेवायचाय त्याच्यासाठी ही जागाच नाही, पण त्यानेही वाचावं असं मला वाटतं, कारण अर्धा रिव्ह्यू त्या साइटबद्दल आहे आणि अर्धा त्या प्रश्नाबद्दल, ज्याच्यामुळे आम्ही तिथे गेलो.

आमचं काम म्हणजे अहिराणीची शब्दयादी आणि त्यातून स्पेलचेक. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिककडचा बागलाण-मालेगावचा पट्टा, एवढ्या भागात बोलली जाणारी आपली भाषा, २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर लोकांनी मातृभाषा म्हणून खानदेशी (अहिराणी त्यातच धरून) नोंदवलीय, आणि कॉम्प्युटरवर अहिराणीत दोन ओळी लिहायला गेलं की पानभर लाल रेघा, कारण त्याला फक्त मराठी किंवा हिंदी माहितीय. हनस्पेल नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये स्पेलचेकसाठी तेच चालतं. त्याला दोन साध्या टेक्स्ट फाइली लागतात, एकीत शब्द आणि दुसरीत त्या शब्दांना कुठले प्रत्यय कसे लागतात त्याचे नियम. आम्ही त्या दोन फाइली बनवतोय. अमळनेर, शिरपूर, चाळीसगाव, साक्री अशी ठिकठिकाणची माणसं आहेत, त्यात रिटायर झालेले मास्तर आहेत, कॉलेजची पोरं आहेत, शेती करणारे आहेत, कोणाला पगार नाही आणि कोणाला तो नकोय.

आता गंमत बघा, शब्द मुक्त, परवाना मुक्त, हनस्पेल मुक्त, आणि हे सगळं काम चालायचं कुठे? शब्द यायचे व्हॉट्सॲपवर, चर्चा चालायची दुसऱ्या एका चॅट ॲपवर, छाननी व्हायची एका परदेशी भाषांतर-सेवेवर जिचा कोड कोणाला बघायला मिळत नाही, आणि फाइली ठेवलेल्या एका मोठ्या कंपनीच्या होस्टिंगवर. सुरुवातीला यात काही वावगं वाटत नव्हतं, फुकट मिळतंय, चालतंय, पोरांना सवय आहे. मग त्या भाषांतर-सेवेने (नाव घेत नाही) मोफत खात्याच्या मर्यादा बदलल्या आणि आम्ही त्या मर्यादेच्या बाहेर गेलो. शब्द डाउनलोड करता आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक शब्दाखालच्या कमेंट आल्या नाहीत. धुळ्याकडे हा शब्द असा लिहायचा आणि पारोळ्याकडे तसा, कोणी आपल्या आजीच्या तोंडचं वाक्य टाकलेलं, कोणी म्हटलेलं की हे फक्त कानबाईच्या रोटांच्या वेळी ऐकलंय, एरवी नाही. शब्दयादीत खरी मेहनत तीच होती, कारण शब्द पुन्हा गोळा करता येतील पण ती माणसं पुन्हा तेवढ्याच आपुलकीने तेच लिहून देतील का, आणि काही जण तर आता राहिलेले पण नाहीत.

दुसऱ्याचं वावर बटाईने करावं तसं आहे हे, पीक आपण काढतो पण सातबारा त्याच्या नावावर, तो चांगला माणूस असला तरी उद्या त्याच्या पोराने विकायला काढलं तर आपण बांधावर उभे.

म्हणून माझं मत झालंय ते सरळ सांगतो. मुक्त प्रकल्पाने बंदिस्त साधन वापरूच नये असं मी म्हणत नाही. पण ज्या साधनात प्रकल्पाची आठवण साठते, म्हणजे चर्चा, बगच्या नोंदी, कोणी काय का बदललं त्याचं कारण, ते साधन असं पाहिजे की ते उचलून दुसरीकडे जशाच्या तसं चालवता येईल. नुसता "एक्स्पोर्ट" बटन असून भागत नाही, कारण एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडणार कशात? त्यासाठी ते सॉफ्टवेअरच आपल्या हातात यायला पाहिजे. कोडबर्गला मी जे मार्क देतोय ते मुख्यतः या एका गोष्टीचे.

आता प्रत्यक्ष साइट. कोडबर्ग ही कंपनी नाही, बर्लिनमध्ये नोंदणी झालेली सभासदांची संस्था आहे, आपल्याकडे नोंदणीकृत संस्था असते साधारण त्या धर्तीवर. २०१८ मध्ये संस्था झाली आणि २०१९ च्या जानेवारीत साइट सर्वांसाठी उघडली. खर्च वर्गणी आणि देणग्यांवर चालतो, सभासद मतदान करून पदाधिकारी निवडतात. जाहिरात नाही, तिसऱ्या कोणाच्या ट्रॅकिंग कुकीज नाहीत. खातं काढायला पैसे नाहीत, ईमेल पुरतो. साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याचं नाव फोर्जेयो, आणि ते पूर्ण मुक्त आहे, २०२४ पासून त्याचा परवाना जीपीएल आहे (बदल करून वाटणाऱ्यानेही कोड उघडाच ठेवायचा असा). म्हणजे उद्या बर्लिनवाल्यांनी दुकान बंद केलं तरी तेच सॉफ्टवेअर जळगावात एखाद्या मशीनवर टाकून आपण आपलं काम चालू ठेवू शकतो.

दिसायला गिटहबसारखंच (कोड ठेवायची सगळ्यात मोठी साइट) आहे, ज्या पोराला गिटहब येतं त्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही. रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइलींची जागा), इश्यू (चुकीची किंवा चर्चेची नोंद), पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती), विकी, रिलीज, लेबल, सगळं त्याच जागी. आपलं जुनं काम आणायला मायग्रेशनचा पर्याय आहे, गिटहब किंवा गिटलॅब या तशाच दुसऱ्या साइटवरचा पत्ता द्यायचा, तिथलं ॲक्सेस टोकन (परवानगीची किल्ली) द्यायचं, आणि नुसता कोड नाही तर इश्यू, त्याखालच्या कमेंट, लेबल, पुल रिक्वेस्ट हे सगळं येतं. हे मी दोनदा सांगेन कारण इथेच लोक फसतात. गिट म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ते असं बनवलंय की ज्याने क्लोन केलं (पूर्ण प्रत उतरवून घेतली) त्याच्याकडे कोडचा सगळा इतिहास असतो, त्यामुळे लोकांना वाटतं की आपलं सगळं आपल्या लॅपटॉपवर आहेच. कोड आहे, हो. इश्यू नाहीत. चर्चा नाही. ती होस्टिंगवाल्याच्या डेटाबेसमध्ये असते आणि तिथून ती काढून देणं न देणं त्याच्या मर्जीवर. आणलेल्या कमेंटवर मूळ लिहिणाऱ्याचं जुनं युजरनेम दिसतं, पण तो माणूस नव्या साइटवर आपोआप येत नाही, त्याला स्वतः खातं काढावं लागतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी काढलं, काही राहिले.

बरोबरच वेबलेट मिळतं आणि आमच्यासाठी हे कोडपेक्षा मोठं आहे. वेबलेट म्हणजे भाषांतराचं मुक्त सॉफ्टवेअर, मिहाल चिहार्श या चेक माणसाने २०१२ मध्ये सुरू केलं, आणि कोडबर्गने त्याची एक प्रत आपल्या लोकांसाठी चालू ठेवलीय. लिब्रेऑफिसचं भाषांतरही वेबलेटवरच चालतं. मास्तर लोकांना गिट शिकवणं शक्य नाही आणि शिकवूही नये, त्यांना ब्राउझरमध्ये एक चौकट दिसली की पुरे, त्यात ते लिहितात आणि मागे ते आपोआप रेपॉझिटरीत कमिट होतं, म्हणजे बदलाची नोंद पडते, त्यांच्या नावासकट. ज्याने काम केलं त्याचं नाव इतिहासात कायमचं राहतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बोलीच्या कामात ज्यांनी शब्द दिले त्यांची नावं गायब होणं हे वर्षानुवर्षं चालत आलंय. याच क्षेत्रातलं ट्रान्सिफेक्स घ्या. तेही सुरुवातीला मुक्त होतं, अनेक प्रकल्प त्याच भरवशावर गेले, आणि २०१३ च्या सुमारास त्याचा कोड उघडा ठेवणं थांबलं. फेडोरासारख्या (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टीम) मोठ्या प्रकल्पालाही मग दुसरी वाट शोधावी लागली, आता तेही वेबलेटवर आहेत.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर आपण रोज वापरतो त्या गिटच्या जन्माचंच आहे. २००२ मध्ये लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी, बिटकीपर नावाचं कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन घेतलं. ते लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचं, बंदिस्त, पण कर्नलवाल्यांना फुकट दिलेलं, अटीवर, आणि त्यातली एक अट अशी की वापरणाऱ्याने तशाच प्रकारचं दुसरं साधन बनवायच्या कामात भाग घ्यायचा नाही. तेव्हाही बऱ्याच लोकांनी विरोध केला होता, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन तर होतेच. लिनसचं म्हणणं होतं की सगळ्यात चांगलं साधन आहे, वापरतो. आणि ते खरोखर चांगलं होतं, कर्नलचं काम त्याने वेगात आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग अँड्र्यू ट्रिजेल, तेच ज्यांनी सांबा (विंडोजशी फाइली वाटून घेणारं मुक्त सॉफ्टवेअर) लिहिलं, त्यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा छोटा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतला, कंपनीला ते पटलं नाही, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये फुकटची सोय बंद झाल्याचं जाहीर झालं. जगातल्या सगळ्यात मोठ्या मुक्त प्रकल्पाचं रोजचं साधन असं गेलं. लिनसने त्याच महिन्यात, ३ एप्रिलला गिट लिहायला सुरुवात केली आणि ७ एप्रिलपर्यंत गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. मर्क्युरियल हे तसंच दुसरं साधनही त्याच महिन्यात त्याच कारणाने सुरू झालं.

लोक ही गोष्ट सांगून म्हणतात बघा शेवट गोड झाला. मला ती उलट वाटते. शेवट गोड झाला कारण तिथे लिनस होता. चार-पाच दिवसांत नवीन व्हर्जन कंट्रोल (गिटसारखं बदल नोंदवणारं साधन) उभं करणारा माणूस प्रत्येक प्रकल्पात नसतो. अहिराणीच्या शब्दयादीत तर नाहीच नाही, आमच्याकडे रिटायर मास्तर, शेतकरी आणि कॉलेजची पोरं आहेत. छोट्या प्रकल्पाचं साधन काढून घेतलं की तो प्रकल्प बहुतेक वेळा तिथेच थांबतो, आणि तो थांबला हे कोणाला कळतही नाही, कारण बातमी मोठ्यांचीच होते. (बिटकीपर स्वतः २०१६ मध्ये मुक्त परवान्याखाली आलं, तोवर सगळे गिटवर गेलेले.)

पुढची उदाहरणं भरभर सांगतो. सोर्सफोर्ज एकेकाळी मुक्त सॉफ्टवेअरचं मुख्य ठिकाण होतं, २०१५ मध्ये तिथून गिंप या चित्रांवर काम करायच्या मुक्त प्रोग्रामच्या विंडोज इन्स्टॉलरबरोबर जाहिरातीचे प्रोग्राम चिकटवून दिले जातायत हे समोर आलं आणि मोठा गदारोळ झाला. गुगल कोड ही तशीच साइट २०१६ च्या जानेवारीत बंद. ट्रॅव्हिस सीआय या सेवेवर हजारो मुक्त प्रकल्पांची टेस्टिंग फुकट चालायची, २०२० च्या शेवटी नियम बदलले आणि सगळ्यांची पळापळ. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं घातली, त्यांचे खाजगी रेपॉझिटरी अडकले, इराणपुरता मार्ग २०२१ मध्ये निघाला. त्या पोरांनी काहीही केलेलं नव्हतं. आणि आपल्याकडे म्हणाल तर २०१४ च्या डिसेंबरमध्ये भारतात ३२ साइट बंद करायचा आदेश निघाला होता त्यात गिटहबचंही नाव होतं, काही दिवसांत उठलं ते, पण ज्यांचं काम तेव्हा चालू होतं त्यांना विचारा.

आता एक प्रामाणिक गोष्ट, गिटोरियस नावाची अशीच कोड ठेवायची साइट होती ती पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर चालायची आणि तरी २०१५ मध्ये गिटलॅबने घेतल्यावर बंद झाली. म्हणजे सॉफ्टवेअर मुक्त असलं की साइट अमर होते असं नाही. कोडबर्गचंही तसंच आहे, देणग्या आटल्या तर काय? म्हणूनच मला फोर्जेयोच्या जन्माची हकीकत धीर देते. कोडबर्ग आधी गिटी नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालायचं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कळलं की गिटीचं डोमेन आणि ट्रेडमार्क एका नव्या नफ्याच्या कंपनीकडे गेलंय, आणि योगदान देणाऱ्या बऱ्याच लोकांना त्याआधी विचारलं नव्हतं. त्यांनी खुलं पत्र लिहिलं, उत्तराने समाधान झालं नाही, आणि डिसेंबरपर्यंत त्याच कोडवरून फोर्जेयो निघालं, कोडबर्गच्या छत्राखाली. वापरणाऱ्यांचा एकही इश्यू हरवला नाही, पत्ता बदलला नाही. बिटकीपरच्या वेळी जे करायला लिनस लागला ते इथे साध्या माणसांना जमलं कारण कोड त्यांच्या हातात होता. शिवाय फोर्जेयोचं स्वतःचं काम फोर्जेयोवरच चालतं, कोडबर्गवर. गिटीचं काम मात्र इतकी वर्षं गिटहबवर चालत होतं, हे मला तेव्हाही खटकायचं, गिटहबला पर्याय बनवणारे स्वतः गिटहबवर.

उणं काय ते पण सांगतो, अर्धा मार्क कुठे गेला.

ऑटोमॅटिक टेस्टिंग, म्हणजे सीआय, गिटहबवर जसं खातं काढल्याबरोबर भरपूर मिळतं तसं इथे नाही. वुडपेकर नावाची सोय आहे, ती मागणी करून घ्यावी लागते, आपला प्रकल्प काय, किती वापर होईल ते लिहून द्यावं लागतं. शब्दयादीला टेस्ट फार जड नसतात, फाइल नीट आहे का, एकच शब्द दोनदा आलाय का, एवढंच, त्यामुळे आमचं अडत नाही. मोठं अँड्रॉइड ॲप दिवसातून पन्नास वेळा बिल्ड करणाऱ्याने मात्र आधी विचार करावा, नाहीतर स्वतःचा रनर (टेस्ट चालवणारं मशीन) जोडावा. वेबसाइटसाठी कोडबर्ग पेजेस आहे, प्रकल्पाची साधी साइट त्यावर छान चालते, पण ती कायम चालूच राहील अशी हमी ते देत नाहीत आणि तसं स्पष्ट लिहितात, म्हणून दुकानाची साइट त्यावर ठेवू नका. खाजगी रेपॉझिटरीला जागा फार थोडी आणि तीही मुक्त कामाला पूरक असेल तरच. माणसं कमी, बरीचशी स्वयंसेवक, मशीन त्यांची स्वतःची. २०२५ मध्ये एआयवाल्यांच्या क्रॉलरनी (साइटवरचा मजकूर उपसणाऱ्या प्रोग्रामनी) एवढा मारा केला की त्यांना मध्ये आडकाठी लावावी लागली, त्यामुळे साइट उघडताना कधीकधी एक पडताळणीचं पान येतं, जुन्या मोबाइलवर ते जाणवतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोणीतरी द्वेषाचे मेसेज नोटिफिकेशनमधून लोकांच्या इनबॉक्सपर्यंत पाठवले होते. कोडबर्गने काही लपवलं नाही, काय झालं आणि काय केलं ते सगळं लिहून टाकलं. मला हे आवडलं.

आणि सगळ्यात मोठं उणं म्हणजे माणसं गिटहबवर आहेत. हे खोटं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला ते घेतलं ते उगाच नाही. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा २०१७ मध्ये तिथे गेली, एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचं सामान) गेलं, फायरफॉक्सचा कोड २०२५ मध्ये गेला. आपल्या जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना प्लेसमेंटला गिटहबची लिंक मागतात, कोडबर्गची कोणी मागत नाही. आमच्यातलाच एक पोरगा मला म्हणाला दादा, मी इथे कितीही काम केलं तरी इंटरव्ह्यूला दाखवता येत नाही. त्याचं बरोबर आहे, गरीब घरचा पोरगा आहे, त्याला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. यावर उपाय आहे आणि तो चांगला चालतो: फोर्जेयोमध्ये पुश मिरर आहे, म्हणजे कोडबर्गवर कमिट पडलं की त्याची प्रत आपोआप गिटहबवर जाते. पोराचं नाव आणि काम तिथेही दिसतं, शोधणाऱ्याला सापडतं, पण इश्यू आणि चर्चा गिटहबच्या बाजूने बंद ठेवल्या आहेत, तिथल्या वर्णनात कोडबर्गचा पत्ता दिलाय. दाखवायला तिथे, काम इथे. कोणी याला तडजोड म्हणेल तर म्हणू दे. झिग ही प्रोग्रामिंग भाषा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गिटहब सोडून कोडबर्गवर आली, एवढा मोठा प्रकल्प येतोय म्हटल्यावर पुढे लिंक मागणारेही बदलतील अशी मला आशा आहे.

काही जण मला दुसऱ्या बाजूने टोकतात, की एवढं आहे तर व्हॉट्सॲप का वापरता? विंडोजवर का टाइप करता? विचारणं योग्यच आहे. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचं जाहीर केलं, आणि त्याचे पहिले प्रोग्राम लिहिले गेले ते बंदिस्त युनिक्सवरच बसून, कारण तेव्हा दुसरं काही नव्हतंच. त्यांचं म्हणणं असं होतं की बंदिस्त गोष्टीची जागा घेणारी मुक्त गोष्ट बनवायला ती वापरावी लागली तर चालेल. आम्ही त्याच्याही थोडं पुढे जातो, मला ते मान्य आहे. आमचे एक आप्पा आहेत शिंदखेड्याकडचे, ऐंशीच्या घरातले, त्यांच्याकडे शब्दांचा असा साठा आहे की बसून ऐकत राहावं. त्यांना मी वेबलेट दाखवलं तर म्हणाले, "हाई मन्हं काम नही भो, तू लिखी ले." मग ते व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात आणि कॉलेजची पोरगी ते ऐकून वेबलेटमध्ये भरते, खाली आप्पांचं नाव लिहिते. आप्पांना मी असं सांगणार नाही की आधी मुक्त चॅट ॲप टाका मग शब्द द्या. शब्द कुठूनही येऊ दे, पण आला की त्याची नोंद, त्याची फाइल, त्याच्यावरची चर्चा ही कोडबर्गवर झालीच पाहिजे, व्हॉट्सॲपवर ठरलेलं कुठलंही स्पेलिंग आम्ही धरत नाही जोवर ते इश्यूमध्ये लिहिलं जात नाही. हा नियम सुरुवातीला लोकांना कटकटीचा वाटला, आता नवीन माणूस आला की जुनेच त्याला सांगतात.

त्या नियमाचा फायदा असा झाला की वाद दिसायला लागले. ग्रुपवर काय होतं, जो जोरात बोलतो त्याचं राहतं, आणि जळगावकडची बोली, नंदुरबारकडची बोली यात कोणाची "खरी" अहिराणी यावर रात्रभर मेसेज. इश्यूमध्ये प्रत्येकजण थोडं थांबून लिहितो, उदाहरण देतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही रूपं यादीत घ्यायचं ठरतं, सहा महिन्यांनी नवीन कोणी तोच प्रश्न काढला तर लिंक देता येते. ही सोय गिटहबवरही आहे, मी नाही म्हणत नाही. फरक एवढाच की इथे मला माहितीय की ती लिंक ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते मी स्वतः चालवू शकतो.

आणि ते आम्ही करून पाहिलंय. फोर्जेयो फार हलकं आहे, एकच फाइल, डेटाबेसला एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा साधा डेटाबेस) पुरतं, रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर सुद्धा चालतं. एका कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर टाकलं आणि कोडबर्गवरचा आमचा रेपॉझिटरी इश्यूसकट तिथे मायग्रेट करून बघितला, आला, उघडला, कमेंट जागच्या जागी. ज्या कोणाला मुक्त प्रकल्पासाठी साधन निवडायचंय त्याने हीच परीक्षा घ्यावी: आजच, भांडण नसताना, सगळं सामान दुसरीकडे हलवून चालतंय का बघायचं. जे साधन या परीक्षेत पास होत नाही त्यात चर्चा ठेवू नका, मग ते कितीही देखणं असो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्या कॉलेजला आपल्या पोरांसाठी असं लॅबमध्ये लावायचं असेल तर दोन गोष्टी आधी बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद खोलीत ठेवलेला पीसी तापून बंद पडतो, तेव्हा हवा खेळती ठेवा आणि यूपीएस लावाच, लाइटचा भरवसा नाही. आणि रोजच्या बॅकअपसाठी फोर्जेयोची डम्प कमांड (सगळं एका फाइलीत काढणारी) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीत टाकून ती फाइल त्याच मशीनवर नाही तर दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जाईल असं करा. इन्स्टॉल करताना अडलं तर कोडबर्गवरच्या फोर्जेयोच्या इश्यूंमध्ये इंग्रजीत विचारा, लोक समजून घेऊन उत्तर देतात.